वर्कशॉपच्या एक्झॉस्ट पंख्याचा वेग कमी करायचाय? आधी मोटर ओळखा

वर्कशॉपमधला एक्झॉस्ट पंखा पूर्ण वेगाने सुरू असला की शेजारच्या माणसाशी बोलायलाही आवाज चढवावा लागतो. वेल्डिंगचा धूर असेल तेव्हा तो वेग हवाच, त्याबद्दल तक्रार नाही. पण टेबलावर मापं घेत बसलोय, थोडंसं सोल्डरिंग चाललंय, अशा वेळी तीच घरघर दिवसभर डोक्यात बसते. मग साहजिक वाटतं, छताच्या पंख्याला असतो तसा एक रेग्युलेटर लावला की झालं.

मीही तसंच केलं होतं. माझ्याकडे दोन पंखे होते. लहान पंख्याला छताच्या पंख्याचा रेग्युलेटर लावला, तो छान चालला. त्याच भरवशावर मोठ्या पंख्याला जास्त वॅटचा रेग्युलेटर लावला. वेग अर्ध्यावर आणला, मोटर घुमायला लागली आणि थोड्याच वेळात जळक्या वार्निशचा वास आला. उघडून पाहिलं तर रेग्युलेटर शाबूत, मोटरची स्टार्टिंग वाइंडिंग, म्हणजे सुरू होताना मदत करणारी तारेची गुंडाळी, काळी पडलेली. बाहेरून दोन्ही पंखे एकाच घरातले दिसत होते, आतल्या मोटरी मात्र वेगवेगळ्या जातीच्या होत्या. हा फरक ओळखायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं कशी वापरायची आणि त्यानंतर काय करायचं, ते क्रमाने सांगतो.

लेखातले आकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झच्या पुरवठ्याचे आहेत. ६० हर्ट्‌झ असेल तर मोटरचे फेरे त्याच प्रमाणात जास्त असतात, बाकी तर्क तोच. मेन लाइनवर काम करायची सवय नसेल तर मोटर ओळखण्यापर्यंतचं काम वीज बंद ठेवून स्वतः करा आणि जोडणी जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. आपल्याला नेमकं काय हवंय हे त्याला सांगता आलं, तरी अर्धं काम झालं.

१. आवाज खरंच वेगाचाच आहे का, ते पाहा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. पंख्याच्या आवाजाची निम्मी कारणं वेगाशी संबंधित नसतात.

वीज बंद करून पाती हाताने फिरवा. पात्यांवर धूळ आणि तेलाचा थर असेल तर तोल बिघडतो आणि सगळी फ्रेम थरथरते. एखादं पातं वाकलं असेल तर प्रत्येक फेऱ्याला एक ठोका ऐकू येतो. दांडा वर-खाली हलवून बघा. खळखळ जाणवली तर बेअरिंग किंवा बुश गेलंय. अशा मोटरचा वेग कमी केलात तर आवाज थोडा दबेल, पण मोटर सुरू होताना अडकेल आणि जळेल.

दुसरी गोष्ट, हवा आत कुठून येते? दारं-खिडक्या बंद ठेवून एक्झॉस्ट चालवला तर पंखा बाहेर टाकणार काय? आत हवेचा तुटवडा झाला की पाती हवा कापायच्या ऐवजी फडफडतात, आणि ती घरघर आपण वेगाच्या माथी मारतो. पंखा सुरू असताना समोरचं दार हळूहळू उघडून बघा. दार उघडल्याबरोबर आवाजाचा सूर बदलला तर आधी हवा आत यायला जाळीची जागा करा. पंख्याच्या तोंडाएवढी तरी मोकळी जागा हवीच. त्याच्या दुप्पट असेल तर उत्तम.

हे सगळं ठीक असूनही आवाज नकोसा असेल, तर पुढे चला.

२. हाताशी काय हवं

मल्टिमीटर हवा, ओहम मोजणारा. वायरभोवती धरून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर हवा, आणि इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर वापरणार असाल तर तो ट्रू आरएमएस प्रकारचाच घ्या. साधा मीटर कापलेल्या लहरींवर चुकीचा आकडा दाखवतो. शिवाय टेस्टर, इन्सुलेटेड पाने आणि पक्कड, कंडेन्सर रिकामा करायला १० ते २० किलोओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर, आणि टेप किंवा खुणेसाठी मार्कर. फेरे मोजणारा टॅकोमीटर मिळाला तर फार सोय होते. तापमान मोजायचा इन्फ्रारेड थर्मामीटरही घ्या. मोटरला हात लावून ‘गरम लागतेय’ म्हणणं हे मोजमाप नव्हे.

कागदांपैकी दोनच: पंख्याची पुस्तिका असेल तर ती, आणि मोटरच्या नेमप्लेटचा स्पष्ट फोटो.

३. नेमप्लेट वाचा

नेमप्लेटवरून एवढं टिपून घ्या: व्होल्ट, हर्ट्‌झ, फेज, अँपिअर, वॅट, फेरे, आणि असेल तर कंडेन्सरचं मूल्य मायक्रोफॅरडमध्ये.

फेऱ्यांचा आकडा बरंच सांगतो. इंडक्शन मोटरचं चुंबकीय क्षेत्र ठरावीक वेगाने फिरतं. १२० ला हर्ट्‌झने गुणायचं आणि पोलच्या, म्हणजे मोटरमधल्या चुंबकीय ध्रुवांच्या, संख्येने भागायचं. चार पोलच्या मोटरला हे १५०० येतं, सहा पोलला १०००, दोन पोलला ३०००. रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, त्याच्या थोडा मागे राहतो, म्हणून नेमप्लेटवर १४०० किंवा ९०० असे आकडे दिसतात. या मागे राहण्याला स्लिप म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे मोटर का तापते ते यावरूनच कळतं.

‘इन्सुलेशन क्लास’ असा उल्लेख असेल तर तोही बघा. बी म्हणजे वाइंडिंगचं इन्सुलेशन १३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारं, एफ म्हणजे १५५ पर्यंत. एफ असेल तर तापण्याला थोडी जास्त सवड आहे.

४. मोटरची जात ठरवा

वीज बंद करा, एमसीबी खाली पाडा आणि कुणी चुकून वर करू नये म्हणून तिथे टेप लावून चिठ्ठी चिकटवा. टेस्टर आधी चालू पॉइंटवर तपासा, मग कामाच्या जागी, मग परत चालू पॉइंटवर. मधला निकाल तेव्हाच खरा मानायचा. कंडेन्सर दिसला तर त्याच्या दोन टोकांना रेझिस्टर अर्धा मिनिट धरून तो रिकामा करा. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामा करायची सवय लावून घेऊ नका, त्यात कंडेन्सरही खराब होतो आणि डोळ्यांनाही धोका असतो.

आता बघा यातलं कुठलं जुळतं.

*शेडेड पोल.* लहान पंखे. दोनच वायरी, कंडेन्सर नाही, आणि पोलच्या कोपऱ्यात जाड तांब्याची कडी बसवलेली दिसते. ताकद कमी असते, पण व्होल्टेज कमी करून वेग उतरवता येतो.

*कायम कंडेन्सरवाली, म्हणजे पीएससी.* मध्यम आकाराच्या एक्झॉस्ट पंख्यांत हीच जास्त सापडते. सोबत काही मायक्रोफॅरडचा छोटा, ४०० किंवा ४४० व्होल्ट एसी लिहिलेला कंडेन्सर असतो आणि तो सतत सर्किटमध्ये असतो. वेग कमी करायला ही मोटर चालते, मात्र मर्यादेत.

*कंडेन्सर स्टार्ट, आत सेंट्रिफ्युगल स्विच असलेली.* माझी जळलेली मोटर हीच होती. हिचा कंडेन्सर मोठा असतो, बहुधा अंगावर वेगळ्या डबीत बसवलेला, आणि त्याचं मूल्य अनेक दहा किंवा शेकडो मायक्रोफॅरड असतं. सुरू होताना स्टार्टिंग वाइंडिंग मदत करते आणि पूर्ण वेगाच्या साधारण ७० ते ८० टक्क्यांवर आतला स्विच तिला बाजूला काढतो. पंखा बंद केल्यावर वेग उतरता उतरता मोटरमधून ‘टक्क’ असा आवाज येतो, तो स्विच परत बंद झाल्याचा. आता विचार करा, रेग्युलेटरने वेग इतका खाली आणला की स्विच पुन्हा जोडला गेला, तर काही सेकंदांसाठी बनवलेली वाइंडिंग सतत करंट घेत राहते. ती जळणारच. टक्क आवाज ऐकू आला तर रेग्युलेटरचा विचार तिथेच सोडा.

*ब्रशवाली युनिव्हर्सल मोटर.* धूळ ओढणाऱ्या व्हॅक्यूमसारख्या यंत्रांत असते. कार्बन ब्रश दिसतात, आवाज चिरका असतो, फेरे मिनिटाला हजारोंनी असतात. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर हिला सर्वांत चांगला मानवतो.

*तीन फेज.* तीन मुख्य वायरी आणि अर्थ, कंडेन्सर नाही, नेमप्लेटवर ‘३ फेज’. हिच्यासाठी वेगळा रस्ता आहे, तो सातव्या पायरीत.

*ईसी किंवा बीएलडीसी.* मोटरच्या आतच इलेक्ट्रॉनिक्स असतं. बऱ्याचदा वेगासाठी स्वतंत्र दोन-तीन बारीक वायरी दिलेल्या असतात, त्यांवर ० ते १० व्होल्टचा इशारा किंवा पल्स द्यायचा असतो. हिच्या मेन लाइनमध्ये रेग्युलेटर कधीही घालू नका. आतलं सर्किट जातं.

शंका राहिली तर ओहम मोजा. मोटरच्या तीन वायरी असतील तर दोन-दोनच्या जोड्यांनी तीन वाचनं घ्या. तिन्ही सारखी आली तर बहुधा तीन फेज आहे. वेगळी आली आणि सर्वांत मोठं वाचन उरलेल्या दोघांच्या बेरजेइतकं आलं, तर सिंगल फेजची दोन वाइंडिंगवाली मोटर आहे. सर्वांत मोठं वाचन ज्या दोन वायरींमध्ये आलं त्या रनिंग आणि स्टार्टिंग, उरलेली तिसरी कॉमन. कॉमनपासून कमी ओहम दाखवते ती सहसा रनिंग, जास्त दाखवते ती स्टार्टिंग. पण काही मोटरींत दोन्ही वाइंडिंग सारख्याच असतात, तेव्हा ही खूण चालत नाही. तीनाहून जास्त वायरी असल्या आणि वाचनं पायरी-पायरीने वाढत गेली तर आनंद माना. ती टॅप असलेली, दोन किंवा तीन वेगांची मोटर असू शकते आणि नुसत्या सिलेक्टर स्विचवर काम भागेल.

५. किती खाली उतरायचं, ते आधी ठरवा

पंख्याचं गणित इतर यंत्रांपेक्षा वेगळं आहे. हवा वेगाच्या प्रमाणात कमी होते, दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. वेग ८० टक्क्यांवर आणला तर हवा २० टक्केच घटते, पण पात्यांना लागणारी शक्ती जवळपास निम्मी होते. आवाजही साधारण ५ डेसिबलने उतरतो, आणि हा फरक कानाला स्वच्छ कळतो. म्हणून माझं मत ठाम आहे की बहुतेक वर्कशॉपना ७५ ते ८५ टक्क्यांच्या पलीकडे जायची गरजच नसते. ‘अगदी हळू फिरला पाहिजे’ हा हट्ट सोडलात तर निम्मी संकटं टळतात.

अगदी हळू का नको, याचं उत्तर स्लिपमध्ये आहे. व्होल्टेज कमी करून आपण चुंबकीय क्षेत्राचा वेग बदलत नाही. ते १५०० नेच फिरत राहतं. आपण फक्त त्याची पकड सैल करतो आणि रोटर जास्त मागे पडतो. हे मागे पडणं फुकट होत नाही. रोटरला मिळालेल्या शक्तीतला स्लिपएवढा हिस्सा सरळ उष्णतेत जातो. पंख्याच्या भारावर हे गणित मांडलं तर रोटरमधली उष्णता क्षेत्राच्या वेगाच्या दोन तृतीयांशावर सर्वांत जास्त येते, म्हणजे चार पोलच्या मोटरला मिनिटाला सुमारे १००० फेऱ्यांवर. १४०० फेऱ्यांवर जी उष्णता होती त्याच्या जवळजवळ अडीचपट. आणि नेमकी त्याच वेळी मोटरवरून जाणारी थंड करणारी हवा कमी झालेली असते.

म्हणून ‘हळू चालतेय म्हणजे मोटरला आराम आहे’ हा समज मनातून काढून टाका.

६. सिंगल फेजसाठी साधन निवडा

*पायऱ्यांचा कंडेन्सर रेग्युलेटर.* मोटरशी सीरिजमध्ये वेगवेगळे कंडेन्सर जोडून वेग बदलतो. गुणगुण नाही, स्वतः तापत नाही. पण तो छताच्या पंख्याच्या मोटरसाठी मोजूनमापून बनवलेला असतो. लहान शेडेड पोल किंवा छोट्या पीएससी पंख्यावर बरेचदा चालतो. मोठ्या मोटरवर जुळणी चुकली तर कंडेन्सर आणि वाइंडिंग मिळून मोटरवरचं व्होल्टेज कमी होण्याऐवजी वाढूही शकतं. म्हणून लावल्यावर मोटरच्या टोकांवरचं व्होल्टेज प्रत्येक पायरीवर मोजा, गृहीत धरू नका.

*ट्रायकचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर.* ट्रायक हा एक इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. रेग्युलेटर लहान, सहज मिळणारा, सलग फिरणारा. प्रत्येक अर्ध्या लहरीचा सुरुवातीचा भाग कापून तो व्होल्टेज कमी करतो. या कापाकापीमुळे मोटर गुणगुणते आणि जास्त तापते. दिव्याचा डिमर आणि मोटरचा रेग्युलेटर दिसायला एक, कामाला वेगळे. मोटरच्या वाइंडिंगमुळे करंट व्होल्टेजच्या मागे राहतो, त्यामुळे ट्रायक वेळेवर बंद होत नाही. यावर उपाय म्हणून ट्रायकला समांतर स्नबर लागतो, म्हणजे सीरिजमध्ये जोडलेला रेझिस्टर आणि कंडेन्सर, साधारण १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड. दिव्याच्या स्वस्त डिमरमध्ये तो नसतो.

स्वतः सर्किट बनवणाऱ्यांसाठी एक खास इशारा. ट्रायक एकाच बाजूच्या अर्ध्या लहरीला चालू झाला तर मोटरमधून डीसी वाहू लागतो. मोटर गुरगुरते, वेग येत नाही आणि करंट वाढतो. असं ऐकू आलं तर नॉब फिरवून बघत बसू नका, लगेच बंद करा.

रेग्युलेटरची क्षमता मोटरच्या नेमप्लेटवरच्या अँपिअरच्या किमान दीडपट घ्या. वॅटवर जाऊ नका, कारण मोटरचा करंट वॅटवरून काढलेल्या करंटपेक्षा जास्त असतो.

*ऑटोट्रान्सफॉर्मर, म्हणजे व्हेरिअ‍ॅक किंवा डिमरस्टॅट.* जड, जागा खाणारा, पण लहर शुद्ध ठेवतो. पीएससी मोटरसाठी माझी पहिली पसंती हीच आहे. गुणगुण जवळपास नाही आणि ट्रायकपेक्षा मोटर थंड राहते. पंख्यांसाठीच बनवलेले, पाच पायऱ्यांचे ट्रान्सफॉर्मर कंट्रोलरही मिळतात आणि कायमस्वरूपी जोडणीला ते जास्त सोयीचे. एकच लक्षात ठेवा, ऑटोट्रान्सफॉर्मरमध्ये आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींपासून वेगळी केलेली नसते. व्होल्टेज कमी दिसलं म्हणून बाहेरच्या वायरला हात लावणं तितकंच धोक्याचं आहे.

*जुन्या पद्धतीचा रेझिस्टरचा डबा.* मोटर तापायची ती तापतेच, वर डब्याच्या उष्णतेची भर. लाकडाचा भुसा उडणाऱ्या जागेत मी तो लावणार नाही.

कंडेन्सर स्टार्ट मोटर असेल तर यातलं काहीच नाही. तिथे तीन वाटा आहेत: पट्ट्यावर चालणारा पंखा असेल तर पुली बदला, नसेल तर मोटर बदला, किंवा टाइमर लावून पंखा पूर्ण वेगाने पण ठरावीक वेळ चालवा. झडप अर्धी बंद करून हवा कमी करायचा मोह होतो, पण विमानाच्या पंख्यासारखी पाती असलेल्या एक्झॉस्टमध्ये वाट अडवली की मोटरवरचा भार कमी होण्याऐवजी वाढतो, आणि आवाजही.

७. तीन फेजची मोटर असेल तर

हिला व्होल्टेजने नाही, फ्रिक्वेन्सीने हळू करायचं. त्यासाठी व्हीएफडी, बोलीभाषेत नुसता ‘ड्राइव्ह’. इथे चुंबकीय क्षेत्राचाच वेग उतरतो, स्लिप वाढत नाही, त्यामुळे घनाच्या नियमाने वाचलेली शक्ती खरोखर वाचते. ५० चे ४० हर्ट्‌झ केले की पंख्याची शक्ती निम्म्याजवळ येते.

सिंगल फेजवर चालून तीन फेज देणारे ड्राइव्हही असतात, पण ते २३० व्होल्टच तीन फेजमध्ये देतात. नेमप्लेटवर २३०/४०० असं असेल तर मोटरच्या टर्मिनल बॉक्समधल्या पट्ट्या डेल्टामध्ये, म्हणजे त्रिकोणी जोडणीत, बदला, तर ती पूर्ण ताकदीने चालेल. फक्त ४०० किंवा ४१५ डेल्टा लिहिलं असेल तर हा ड्राइव्ह तिला पुरा पडणार नाही.

सुरुवातीच्या सेटिंगमध्ये मी एवढं भरतो: मोटरचा नेमप्लेटवरचा करंट, कमाल ५० हर्ट्‌झ, किमान २० ते २५, वेग चढायला १० ते १५ सेकंद, फ्रिक्वेन्सीबरोबर व्होल्टेज कसं बदलायचं त्याचा वक्र पंख्याचा, आणि बंद करताना मोकळं थांबू देणं. ५० च्या वर जाऊ नका. ६० हर्ट्‌झला घनाच्या नियमाने पंखा १.७ पटीहून जास्त शक्ती मागतो, मोटरजवळ ती नसते.

ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये चालू-बंदचा स्विच टाकून तो चालत्या मोटरवर वापरू नका. बंद-चालू ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलवरून करा. मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, लावायचा तर मोटर ड्राइव्हपासून पूर्ण सोडवून. आणि वीज बंद केल्यावर आतले कंडेन्सर उतरायला पुस्तिकेत दिलेली मिनिटं थांबा. दिवे विझले म्हणजे झालं असं नाही. आरसीसीबी, म्हणजे अर्थकडे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, वारंवार उडू लागली तर अर्थ काढून टाकणं हा उपाय नव्हे. ड्राइव्हच्या फिल्टरमुळे अर्थमधून थोडा करंट वाहतोच. पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारची आरसीसीबी बसवा.

८. जोडणी

सिंगल फेजचा क्रम असा: एमसीबी, मग स्विच, मग रेग्युलेटर, मग मोटर. रेग्युलेटर नेहमी फेजमध्ये, न्यूट्रलमध्ये कधीच नाही. न्यूट्रल सरळ मोटरला. अर्थ मोटरच्या बॉडीपर्यंत आणि कंट्रोलरच्या धातूच्या डब्यापर्यंत अखंड.

मोटरचा कंडेन्सर जिथे आहे तिथेच राहू द्या. रेग्युलेटरमधून आलेली फेज पूर्वी जिथे फेज जात होती तिथेच द्यायची, म्हणजे दोन्ही वाइंडिंग रेग्युलेटरच्या पुढे येतात. वायरी सोडवायच्या आधी फोटो काढा आणि प्रत्येकीला टेपची खूण करा. रंगांवर विसंबू नका. मोटर एकदा रिवाइंड झाली असेल तर रंगांचा अर्थ बदललेला असतो.

डबा पंख्याच्या प्रवाहाबाहेर, धूळ न साचणाऱ्या भिंतीवर, हात सहज पोचेल असा. ग्लँड, म्हणजे वायर डब्यात शिरते तिथली पकड, घट्ट आणि वायरींच्या टोकांना दाबून बसवलेले धातूचे लग. थरथरणाऱ्या यंत्राजवळ नुसती पिळलेली जोडणी काही महिन्यांत सैल होते.

९. चाचणी, घाई न करता

आधी पूर्ण वेगावर १५ मिनिटं चालवा. करंट, फेरे आणि मोटरच्या बॉडीचं तापमान लिहून घ्या. क्लॅम्प मीटर एकाच वायरभोवती धरा. पूर्ण केबलभोवती धरलात तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो. नवखे इथे हमखास फसतात.

मग वेग एक पायरी खाली. अर्धा तास थांबा. पुन्हा तिन्ही आकडे. मग पुढची पायरी. वेग उतरताना करंट नेमप्लेटच्या वर गेला किंवा बॉडीचं तापमान अर्ध्या तासानंतरही चढतच राहिलं, तर आधीची पायरी ही तुमची मर्यादा.

यानंतर सर्वांत महत्त्वाची चाचणी. पंखा पूर्ण थांबू द्या, मोटर थंड होऊ द्या, आणि ठरवलेल्या सर्वांत कमी वेगावरच सुरू करून बघा. आधीच फिरत असलेला पंखा ज्या व्होल्टेजवर फिरत राहतो, त्याच व्होल्टेजवर थांबलेला पंखा सुरू होईलच असं नाही, विशेषतः बाहेरून वारा उलटा येत असेल तेव्हा. अडकून घुमणारी मोटर हीच जळणारी मोटर. रेग्युलेटरच्या आत किमान वेगाचा छोटा स्क्रू असेल तर तो इथे लावून घ्या. चालू करताना आधी पूर्ण वेग आणि मग कमी, अशा क्रमाचा रेग्युलेटर मिळाला तर तोच घ्या.

पंखा मध्येच आपोआप थांबला तर पात्यांना हात लावू नका. अनेक मोटरींत तापल्यावर तोडणारा आणि थंड झाल्यावर स्वतःहून जोडणारा थर्मल प्रोटेक्टर असतो. पंखा न सांगता पुन्हा सुरू होतो.

१०. जिथे वेग कमी करायचाच नाही

रंगाचा स्प्रे, थिनर, पेट्रोल, चिकटवण्याची द्रावणं, यांची वाफ बाहेर काढणाऱ्या पंख्याला हात लावू नका. हवा कमी झाली की वाफ साचते, आणि साधा रेग्युलेटर किंवा स्विच ठिणगी टाकू शकतो. अशा जागेला फ्लेमप्रूफ मोटर आणि तिला शोभेल अशी सगळी जोडणी लागते. ते काम त्यातल्या माहितगाराचंच.

लाकडाचा भुसा नळीतून ओढणाऱ्या यंत्रणेचंही तसंच. नळीतली हवा सेकंदाला साधारण १८ ते २० मीटरने धावत असेल तरच भुसा तरंगत राहतो. वेग उतरवला की तो नळीच्या तळाशी बसत जातो, वाट अरुंद होते आणि आगीला आयतं सरपण तयार होतं. आवाज नकोसा असेल तर यंत्र भिंतीपलीकडे हलवा, नळीला मऊ जोड द्या, वेग मात्र तसाच ठेवा.

वेल्डिंगच्या पंख्याला रेग्युलेटर चालेल, पण वेल्डिंग सुरू असताना पूर्ण वेग हा नियम सगळ्यांना माहीत हवा. कामाच्या जागी कागदाची पातळ पट्टी धरून बघा. कमी वेगावर ती पंख्याकडे झुकत नसेल तर धूर तुमच्या नाकाकडे जातोय.

११. डब्याच्या झाकणावर नोंद चिकटवा

मोटरची जात, कंडेन्सरचं मूल्य, पूर्ण वेगाचा करंट, ठरवलेली किमान पायरी आणि तिथला करंट, चाचणीची तारीख. उद्या दुसऱ्या कुणाला ही मोटर बदलावी लागली तर त्याला सगळं परत शोधावं लागू नये. मोटर बदलली की नोंद फाडून टाका आणि पुन्हा चौथ्या पायरीपासून सुरुवात करा. जुना रेग्युलेटर नव्या मोटरला चालेल हे गृहीत धरू नका. दर दोन-तीन महिन्यांनी वीज बंद करून पाती पुसा आणि त्याच दिवशी किमान पायरीवरचा करंट पुन्हा मोजा. तो नोंदीपेक्षा वाढलेला दिसला तर बेअरिंग तपासायची वेळ आली आहे.